वहिनींना पत्र: केमोतली गार टोपी

लीड्स

ती. वहिनींना सा. न.

फोनवर दादा शेजारी असला की तुम्हाला मोकळं बोलता येत नाही. केमोत केस जातील याचा विषय तुम्ही काढलात, तर ‘केसांचं काय घेऊन बसलीस, परत येतील’ असं तो म्हणाला आणि तुम्ही गप्प झालात, म्हणून पत्र लिहिते. ही हौस नव्हे, वहिनी. आपलं दुखणं गल्लीतल्या प्रत्येकाला लांबूनच कळू नये, एवढंच तर मागणं असतं. माझ्या वॉर्डातल्या इंग्रज बायकाही हेच बोलतात.

केमोत केस वाचावेत म्हणून घालतात ती, तुम्ही विचारलेली गार टोपी रुग्णांच्या डोक्यावर बसवणं हे माझं रोजचंच काम. यंत्रात गार केलेला द्रव तिच्यातून सतत फिरतो. त्या गारठ्याने डोक्याच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, केसांच्या मुळांपर्यंत औषध कमी जातं, आणि मुळंही मंदावलेली असल्यामुळे त्यांना ते कमी बाधतं. यातलं एक यंत्र इथून जवळच, हडर्सफील्डला जन्मलं. तिथल्या पॅक्समन कुटुंबाचा धंदा बिअर गार करायच्या यंत्रांचा. त्यांच्या सूनबाईंचे केस तेव्हाची गार टोपी घालूनही गेले, म्हणून नवऱ्याने स्वतःच यंत्र करायला घेतलं. १९९७ साली पहिलं यंत्र तिथल्या इस्पितळात बसलं.

आता खरं सांगते. अमेरिकेतल्या एका चाचणीचे निकाल २०१७ साली आले. स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांत टोपी घातलेल्या साधारण निम्म्या जणींचे केस टिकले, न घातलेल्यांत एकीचेही नाहीत. पण ‘टिकले’ म्हणजे निम्म्याहून कमी गळले. आंघोळीला हातात पुंजका येणारच, तेव्हा लगेच टोपी सोडू नका. शिवाय तुमची पहिली चार सलाईनं त्या लाल रंगाच्या केमो-औषधाची आहेत. त्यात टोपीला यश कमी मिळतं, नंतरच्या पॅक्लिटॅक्सेल या औषधात जास्त. घालायची तर पहिल्या दिवसापासूनच.

पहिली दहा-पंधरा मिनिटं वाईट जातात. कपाळ ठणकतं, दात वाजतात. मग डोकं बधिर होतं आणि बहुतेक जणी चक्क झोपतात. आधी केस ओले करून थोडं कंडिशनर लावतात, कपाळावर कापसाची पट्टी ठेवतात. टोपी घट्ट बसली का, हे तुम्ही स्वतः बघा. टाळूवर पोकळी राहिली की नेमकं तिथेच टक्कल पडतं. तुमचे केस दाट, म्हणून नर्सकडून ते नीट विंचरून सपाट करून घ्या. औषधाआधी अर्धा तास आणि संपल्यावर दीडेक तास टोपी डोक्यावरच राहते, म्हणजे दिवस मोडतो. शाल, पायमोजे आणि थर्मासमध्ये चहा न्या. डोकेदुखीची गोळी आधी घ्यायची का, ते डॉक्टरांना विचारा. काढताना घाई नको, बर्फ सुटू दे.

घरी मोठ्या दातांचा कंगवा वापरा, पाणी कोमट घ्या. मेंदी, डाय, घट्ट अंबाडा बंद. आत्याबाई तेलाने खसाखसा चंपी करायला बसतील, त्यांना माझं नाव सांगा.

गारठ्यामुळे रोग डोक्यात दडून बसेल, ही तुमची भीती रास्त आहे. रक्ताच्या कॅन्सरमध्ये म्हणूनच ही टोपी देत नाहीत. स्तनाच्या कॅन्सरमध्ये मात्र आजवरच्या अभ्यासांत तसा धोका वाढलेला दिसला नाही. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनेही आपल्याकडच्या बायकांवर हिची चाचणी केली आहे, तेव्हा हे परदेशी खूळ आहे असं कोणी म्हटलं तर सांगा.

इथे सरकारी इस्पितळात पैसे पडत नाहीत, तिकडे पडतील. एका वेळेचा नको, सगळ्या सलाईनांचा मिळून आकडा विचारा आणि तो परवडला नाही तर मनाला लावून घेऊ नका. चांगला केसांचा टोप मी इथून पाठवीन, तो तयारीत असलेला बरा. टोपीच्या पैशांतही माझा वाटा धरा, दादाशी मी बोलते. रविवारी तो बाजारात गेला की मिस्ड कॉल द्या.

तुमची नणंद