मे महिन्यात मी नसेन

प्रिय आई-बाबा,

येशूच्या नावात सलाम.

फोनवरच सांगणार होते, पण आईचा आवाज ऐकला की माझा धीर सुटतो, म्हणून लिहिते आहे. चर्चच्या तरुण संघाबरोबर मी मे महिन्यात तीन आठवडे नेपाळला जाते आहे. पाळकसाहेबांना हो सांगून झालं. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. पण तुम्ही नाही म्हणाला नसता, नुसते गप्प बसला असता, आणि मग माझा पाय निघाला नसता.

12 मे लक्षात आहे माझ्या. तुमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली! बिर्याणीचं दादा बघतो आहे. हे आणि चिनू 10 तारखेलाच मिरजेला येतील ते मी परतेपर्यंत तुमच्याकडेच. घर भरलेलं असेल.

बारा जण आहेत, त्यात सात मुली, सगळ्या विशीच्या आतबाहेरच्या. बरोबर मोठी बाई नसेल तर त्यांचे आईवडील सोडायला तयार नव्हते. आणखी दोघींना विचारलं; एकीला रजा नाही, दुसरीच्या सासूबाई आजारी. यातल्या चौघींना मी संडे स्कूलमध्ये हाताला धरून शिकवलं आहे. त्यांचं जाणं माझ्यामुळे अडलं असतं तर मला झोप लागली नसती.

पाल्पा जिल्ह्यात, तानसेनजवळच्या एका गावात शाळेची भिंत बांधायची आहे, वर्ग रंगवायचे आहेत, पाण्याची टाकी बसवायची आहे. बाबा, तुमच्या मनात काय येईल ते मला ठाऊक आहे. नेपाळात धर्मांतर करवणं हा कायद्याने गुन्हा आहे. आम्ही पत्रकं नेत नाही, कुणाच्या दारात प्रचाराला जात नाही. पहिल्याच बैठकीत मी मुलांना हे बजावलं. हातांनी काम करायचं, एवढंच.

पुण्याहून रेल्वेने गोरखपूर, बसने सोनौली, सीमा ओलांडली की भैरहवा, बुटवल आणि मग घाट. व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्र पुरतं. पावसाळ्यात त्या घाटात दरडी येतात, म्हणूनच मे धरला. तानसेनला जुनं मिशन हॉस्पिटल आहे, तेव्हा दुखलंखुपलं तर आधार आहे. आई, जेवायला दोन्ही वेळा डाळभात, माझं पोट बिघडणार नाही. पाट्यासुद्धा देवनागरीत. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं. रोज रात्री साडेआठला, तुमच्या घड्याळाने, फोन करीन. आणि तिथे सुट्टी शनिवारी, म्हणून उपासनाही शनिवारी. रविवारी तुम्ही बाकावर बसाल तेव्हा माझी होऊन गेलेली असेल. तरी प्रार्थनेत माझं नाव घ्या.

परवा आजीचा नर्सच्या टोपीतला फोटो काढून बसले होते. मिरजेच्या वॉन्लेस मिशन हॉस्पिटलच्या गोष्टी ती सांगायची ना, त्या परदेशी बाईंना भाकरी थापायला शिकवल्याची गोष्ट मी किती वेळा मागायचे! तुमच्या दोघांच्या मध्ये झोपून, आईचा पदर बोटाला गुंडाळून. बाईंच्या भाकरीला भोक पडलं की मी दर वेळी तेवढीच हसायचे. पण त्या बाईंच्या आईवडिलांनी त्यांना बोटीवर कसं चढू दिलं असेल, हे तेव्हा कधी मनात आलं नाही. आता येतं. त्या वर्षानुवर्षं घरी जात नसत. मी एकवीस दिवसांत परत येते आहे.

आता नीट ऐका. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी येते आणि बाबांच्या गोळ्या वारांप्रमाणे डब्यांत भरून ठेवते. बायपासनंतरची एकही गोळी चुकवायची नाही, बरं वाटतंय म्हणून तर मुळीच नाही. फिरायला सहाच्या आत, ऊन चढायच्या आधी. आई, मोतीबिंदूची तारीख जूनचीच घे, डोळ्यात थेंब मीच घालणार. साखर तपासून वहीत लिहायची, चिनूकडून लिहून घेतलीस तरी चालेल. माळ्यावरचं काही हवं असलं तर यांना सांग, स्टुलावर चढू नकोस.

बाबांना पाल्पाची ढाका टोपी आणते. आई, तुला काय आणू? पण ‘काही नको’ म्हणू नकोस.

तुमची,
मनू