रविवारच्या टेकडीवाल्यांसाठी सूचना, नाश्त्याच्या कचऱ्याबद्दल

मंडळी नमस्कार, वेताळ टेकडीवर संध्याकाळी सनसेट बघायला येणारे कोल्ड कॉफीचे ग्लास नि बर्गरच्या पिशव्या टाकून जातात हे आपण रोज बोलतो, पण गेल्या रविवारी खाणीजवळच्या झुडपात जे चहाचे कप खोचलेले दिसले ते आपल्याच नाश्त्याचे होते, तेव्हा आधी घरचं बघू.

"कागदाचाच आहे, कुजेल की" असं कुणी म्हणू नका. कपाच्या आत प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर गरम चहा धरला असता का? पावसात बाहेरचा कागद लगदा होतो नि आतली फिल्म तशीच राहते. 1 जुलै 2022 पासून प्लॅस्टिकचे कप, स्ट्रॉ, स्टरर देशभर बंद झाले खरे, पण सॉसच्या पुड्या आहेतच, कोपरा फाडून टाकला की तो तुकडा गवतात सापडतच नाही, आणि मेयो लागलेला कागद कुत्री फरफटत कुठेही नेतात.

तर या रविवारपासून प्रत्येकाने स्वतःचा स्टीलचा पेला आणायचा, चहा थर्मासमधून मिळेल, पेला विसरलात तर ओंजळ करा :) वडापाव डब्यातून येतील, चटणी वाटीत. गोणी एकजण धरेल, ती खाली आणून सुका कचरा म्हणून द्यायची. वर कचरा पेटवायचा अजिबात नाही, गवत वाळलंय, वणवा लागायला वेळ लागत नाही.

गोणी कोण आणतंय ते शनिवारी रात्रीपर्यंत इथेच कळवा.