यायला नको

प्रिय सुन्या,

अकरा महिने तुला ना फोन ना पत्र, दिवाळीला नुसता फॉरवर्ड. तब्येत ठीक, आईचा गुडघा तसाच. आज लिहायला बसलो कारण गेल्या आठवड्यात कंपनीत एक प्रकार झाला आणि दुसऱ्या कुणाला सांगितला तर त्यातलं अर्धंच कळेल.

शिरोलीत एक्सपोर्टचा पत्रव्यवहार आता मीच बघतो. जर्मनीच्या गिऱ्हाइकाची कास्टिंगं तयार होती, त्यांचा माणूस इन्स्पेक्शनला येणार होता. आमचे रिपोर्ट चोख, म्हटलं कशाला एवढ्या लांबनं त्रास, म्हणून मेल टाकला, 'यू मस्ट नॉट कम फॉर इन्स्पेक्शन'. 9 दिवस उत्तर नाही. मग थेट मालकांना फोन, आम्हाला येऊ का देत नाही, मालात काही लपवताय का? हातपाय गार पडले माझे.

मला म्हणायचं होतं गरज नाही, आणि मी लिहिलं खबरदार, येऊ नका. सरळ वाक्यात 'मस्ट' आणि 'हॅव टू' जवळजवळ सारखेच रे, फार तर 'मस्ट'मध्ये बोलणाऱ्याचा स्वतःचा आग्रह आणि 'हॅव टू'मध्ये बाहेरचा नियम. पण नकार लावला की वाटा फुटतात. 'मस्ट नॉट' म्हणजे बंदी, आणि 'डोन्ट हॅव टू' नाहीतर 'नीड नॉट' म्हणजे आलात तरी चालेल, नाही आलात तरी चालेल. आपल्यात बघ की, 'यायला पाहिजे'चं उलटं 'यायला नको', त्यात दोन्ही बसतं, आपण सुरावरनं ओळखतो. मेलला सूर कुठनं आणायचा!

फोनवर सगळं सांगितलं तर तो जर्मन हसायलाच लागला. त्यांच्याकडं 'मस्ट'चा चुलतभाऊ आहे, त्याला नकार लावला की 'गरज नाही' असाच अर्थ होतो, त्यामुळं ह्यात त्यांचीही माणसं चुकतात. शाळेत त्याला हे इतकं घोटून घेतलेलं की माझं वाक्य त्यानं शब्दशः धरलं. येतोय आता पुढच्या महिन्यात.

त्या रात्री मी माझे जुने मेल काढून बसलो. 'आय वूड सेंड टुमारो' असं कितीदा लिहिलंय, नम्र वाटतं म्हणून, पण वाचणाऱ्याला वाटणार पाठवला असता, पण काय? साधं 'विल' पाहिजे. उद्या पाऊस येऊ शकतो, तिथं 'कॅन' नाही, 'मे' नाहीतर 'माइट'. आणि तुझं 'कॅन आय कम इन' आठवलं, सरांनी तास संपेपर्यंत दारात उभं केलं, मी सरांची बाजू घेतली म्हणून दोन दिवस बोलला नाहीस. आज ते सर्रास चालतं, 'मे' फक्त जास्त अदबीचं. घे, जिंकलास.

पण हे शोधता शोधता फोनमध्ये तुझा मेसेज वर आला. काका गेले त्या रात्रीचा. 'यू मस्ट नॉट कम, लाँग जर्नी.' सुन्या, मी बॅग घेऊन स्टँडवर होतो, बेंगळुरूची गाडी लागलेली. तो वाचला आणि परत फिरलो. वाटलं गंगावेशीतल्या त्या पैशाच्या भांडणाचा राग तू काकांच्या मयतावर काढलास. खासबागेत मला खांद्यावर बसवून कुस्त्या दाखवल्या रे त्यांनी.

तुला म्हणायचं असणार की एवढं लांब यायची गरज नाही. ह्या 'असणार'ला पण इंग्रजीत 'मस्ट'च आहे बघ. आणि मी तेव्हाच फोन करून विचारायला पाहिजे होतं, त्याला 'शुड हॅव'. करायचं होतं आणि केलं नाही ते सगळं त्यात येतं. अकरा महिने आलेत.

नव्या घराचं विन्याकडनं कळलं, लई भारी. पोरगी दहावीला ना? आशीर्वाद सांग.

वर्षश्राद्धाची तारीख कळव, मी येणार. काकूंना गूळ आणतो, किलोचे रवे आणू का मोठी ढेप?

तुझा,
बंड्या