संशोधकाची प्रकाशन-यादी वाचायला शिकवणाऱ्या ग्रंथपाल मॅडमना

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

पीएच.डी.साठी मार्गदर्शक निवडायचा म्हणून, पेशीय व रेण्वीय मज्जाविज्ञानात (मज्जासंस्थेचा पेशी आणि रेणूंच्या पातळीवरचा अभ्यास) काम करणाऱ्या एका प्राध्यापकांची प्रकाशन-यादी घेऊन मी सेलूहून छत्रपती संभाजीनगरला आपल्याकडे आले होते. ग्रंथालय बंद व्हायची वेळ झालेली असतानाही आपण ती यादी माझ्यासोबत ओळीने वाचलीत, त्याबद्दल जाहीर आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

यादीतले सगळे लेख एकाच व्यक्तीचे आहेत ना, हे आपण आधी ऑर्किडच्या (ORCID, म्हणजे प्रत्येक संशोधकाची स्वतंत्र ओळख) १६ अंकी क्रमांकावरून पडताळून घेतलेत. नुसते आडनाव आणि आद्याक्षर घालून पबमेड या जीववैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीवर शोधले, की आपल्याकडच्या कितीतरी शिंदे-जाधवांचे लेख एकत्र येतात.

मग आपण एर्विन नेहर आणि बर्ट साकमान या शास्त्रज्ञांचे उदाहरण दिलेत, ते मला आजही सर्वांत मोलाचे वाटते. मज्जातंतू तोडलेल्या बेडकाच्या स्नायूत एकेका आयन चॅनेलमधून (पेशीपटलातल्या, विद्युत्भारित कण जाऊ देणाऱ्या सूक्ष्म मार्गातून) वाहणारा विद्युत्प्रवाह मोजल्याचा त्यांचा लेख १९७६ मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आला. काचेच्या पिपेटचे (बारीक नळीचे) टोक पेशीपटलाला टेकवून आतून किंचित शोषण दिले, की जोड इतका घट्ट बसतो की त्याचा विद्युत्रोध गिगाओहममध्ये (अब्जावधी ओहममध्ये) जातो आणि पिकोअँपिअरइतका अतिसूक्ष्म प्रवाहही स्पष्ट टिपता येतो, हे तंत्र १९८१ च्या लेखात सविस्तर मांडले गेले. त्या लेखावर हॅमिल, मार्टी, नेहर, साकमान आणि सिगवर्थ अशी नावे वर्णानुक्रमाने आहेत. पहिले नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे आणि शेवटचे प्रयोगशाळाप्रमुखाचे, हा जीवशास्त्रातला रूढ संकेत तिथे लावला, तर १९९१ चे नोबेल मिळवणारे दोघेही मधल्या गर्दीत दिसेनासे होतात. म्हणून लेख मोजण्याआधी त्यांतून एकच प्रश्न वर्षानुवर्षे पुढे सरकतो आहे का, हे पाहावे, असे आपण सांगितलेत.

त्याच नजरेने आपण माझ्या हातातली यादी तपासलीत. आधीच्या संशोधनाचा आढावा घेणारे परीक्षणलेख बाजूला काढले, प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या तपासणीआधी खुला केलेला मसुदा) आणि त्याचाच छापील लेख एकत्र धरले आणि शेवटी प्राध्यापकांच्या विद्यार्थ्यांची नावे किती लेखांवर पहिली आहेत, तेही पाहिले. मार्गदर्शक शोधणाऱ्या मुलीला याहून उपयोगी माहिती दुसरी कोणती असणार?

त्याच प्रयोगशाळेत आता माझा प्रवेश निश्चित झाला आहे. आमच्याकडच्या एम.एस्सी.च्या मुलामुलींनाही आपण हे एकदा शिकवावे, अशी नम्र विनंती आहे. त्यांना घेऊन येण्याची जबाबदारी माझी.

आपली कृतज्ञ,
प्राणिशास्त्राची एक विद्यार्थिनी, सेलू