वचनाखाली पात्राचंही नाव छापा

मा. संपादक,

आपल्या रविवार पुरवणीत देव, दया आणि दैव यांवरची वचनं चौकटीत छापली आहेत आणि प्रत्येकाखाली एकच नाव आहे, शेक्सपिअर. नाटककाराला असं प्रवचनकार करून टाकणं बरं नव्हे. निदान पात्राचं नाव तरी द्यायचं!

पोरं माश्या मारतात तसे देव आपल्याला गंमत म्हणून मारतात, हे ‘किंग लिअर’मधला म्हातारा उमराव ग्लॉस्टर म्हणतो, तेही डोळे काढून त्याला घराबाहेर हाकलल्यावर. पुढे हाच म्हातारा देवांना दयाळू म्हणून आळवतो. आपल्या कर्माचं खापर ग्रहताऱ्यांवर फोडणाऱ्यांना हसतो तो त्याचाच अनौरस मुलगा एडमंड. मोठा शहाणा वाटतो, पण खोटं पत्र दाखवून सावत्र भावाला देशोधडीला लावणारा तोच. आता यातलं शेक्सपिअरचं मत कोणतं धरायचं?

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यात, हे कुणाला शिकवावं लागत नाही. दिवाळीनंतर मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, वडशाची नाटक कंपनी येते, नाटक रात्रभर चालतं. अशाच एका खेळात सावकार झालेला नट गहाणखत नाचवत म्हणाला, “तुझ्या नशिबात होतं, ते झालं.” पुढे घोंगडी पांघरून बसलेली म्हातारी तिथूनच ओरडली, “तूच त केला ना रे, मुडद्या!” सगळा मंडप हसला. नशिबाचं नाव कोण घेतंय आणि त्यात त्याचा फायदा काय, हे तिने बरोबर हेरलं होतं.

दया पावसासारखी आभाळातून पडते, हे ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधल्या पोर्शियाचं वचनही अर्धवटच छापलंय. (कापलेल्या धानाच्या कडपा शेताच्या बांधीत पडल्या असताना आलेला पाऊस तिने पाहिला नसावा.) वकिलाच्या वेषात ती हे कर्जापोटी माणसाचं मांस मागणाऱ्या ज्यू सावकाराला, शायलॉकला, ऐकवते. घटकाभरात डाव उलटतो, त्याची अर्धी मालमत्ता हातची जाते, वर धर्म बदलायची अट. आणि याला पोर्शियाच्या बाजूचे लोक दया म्हणतात.

छापायचाच तर ‘हॅम्लेट’मधला क्लॉडियस छापा. भावाचा खून करून गादी आणि वहिनी दोन्ही बळकावलेला हा राजा देवापुढे गुडघे टेकतो, आणि त्याचं त्यालाच कळतं की लुटलेलं जवळ ठेवून माफी मिळत नसते. सोडायची मात्र तयारी नाही. आमच्याकडच्या देवळांत देणगीदारांच्या पाट्या वाचताना मला हटकून तोच आठवतो.

— एक वाचक, ता. आरमोरी, जि. गडचिरोली