हिरव्या टोमॅटोंच्या चटणीबद्दल शेजारच्या अक्कांना पत्र

आदरणीय अक्का,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

समोर येऊन आभार मानू लागले की तुम्ही हातानेच "जाऊ द्या हो" अशी खूण करता आणि पुन्हा मांडीवरच्या विड्यांच्या सुपाकडे वळता, म्हणून हे पत्र लिहीत आहे. तुमची शाळा तेलुगू माध्यमाची. मराठी बोलता तुम्ही माझ्याइतकीच सहज, पण वाचायला वेळ लागतो. तेव्हा नातीकडून हे पत्र मोठ्याने वाचून घ्यावे. ते उघडपणे लिहिण्याचे कारण एवढेच, की सोलापुरात गच्चीवर टोमॅटो लावणाऱ्या इतरांच्याही ते हाती पडावे.

आपल्याकडचा खरा पाऊस परतीचाच. गेल्या ऑक्टोबरात त्याने एका रात्रीत माझ्या आठही कुंड्यांतील झाडे काठ्यांसकट आडवी केली. मोडलेल्या फांद्यांवरून उतरवलेली फळे पाच किलो भरली आणि त्यांत एकही लाल नव्हते. उन्हाळ्यातल्या झाडांची फळे पिवळट नारिंगी होऊन तिथेच थांबली होती, कारण तापमान 30 अंशांच्या वर राहिले की टोमॅटोला लाली देणारे लायकोपीन नीट तयार होत नाही. त्यामुळे या दुसऱ्या लागवडीवर माझी सारी भिस्त होती. वाया जाऊ नये म्हणून मी अर्धा किलो टोमॅटो कुकरला दोन शिट्ट्या देऊन शिजवले आणि मिरची-लसूण घालून मिक्सरमधून फिरवले. चटणी पळीवाढी झाली, जिभेच्या मुळाशी कडवट लागली आणि तिसऱ्या दिवशी बरणीत फेस आला. उरलेली पिशवी कचऱ्याच्या गाडीत टाकण्यासाठी मी जिना उतरत होते, तेव्हा तुम्ही ओट्यावर विड्या वळत बसला होता. तुम्ही पिशवीत डोकावलात आणि म्हणालात, "पच्चि टमाटा! असं सोनं कुणी टाकतं का?"

त्यानंतर तुम्ही सूप बाजूला ठेवले, हात साबणाने दोनदा धुतले आणि माझ्या स्वयंपाकघरात आलात. मसाल्याच्या डब्याकडे न जाता तुम्ही आधी सुरी मागितली. एक टोमॅटो आडवा चिरून तुम्ही मला त्याच्या बिया दाखवल्या. सुरीखाली बीच चिरली गेली तर फळ अगदी कोवळे. बी गिलगिल्या गरात बाजूला सरकली तर फळ हिरवे दिसले तरी आतून भरलेले. बोराएवढी कोवळी फळे तुम्ही निर्धाराने टाकून दिलीत, उरलेल्यांचे देठ खोलवर कोरून काढलेत. टोमॅटिन नावाचे कडू द्रव्य कोवळ्या फळात सर्वाधिक असते आणि फळ पिकत जाते तसे घटते, हे मी पुढे वाचले. तुमच्या सुरीला ते आधीपासून ठाऊक होते. भरलेल्या फळांपैकी दहा-बारा तुम्ही मला वर्तमानपत्रात गुंडाळून एका पिकल्या केळ्यासोबत टोपलीत ठेवायला लावलीत, आणि फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, थंडीने पिकणे थांबते, असे बजावलेत. आठवड्याभरात ती लाल झाली.

आता चटणीविषयी. माझी मूळ चूक पाण्याची होती, हे तुम्ही एका वाक्यात सांगितलेत: "कुकरमध्ये तुम्ही त्याचं पाणी कोंडलंत, आम्ही ते उडवतो." अर्धा किलो टोमॅटो धुऊन, फडक्याने कोरडे पुसून, मोठ्या फोडी करून पसरट कढईत दोन चमचे शेंगतेलावर टाकायचे आणि झाकण अजिबात ठेवायचे नाही. त्याआधी त्याच तेलात नऊ-दहा हिरव्या मिरच्या सालीवर पांढुरके फोड येईपर्यंत परतून बाजूला काढायच्या. टोमॅटो सुरुवातीला तडतडतात, मग सुटलेल्या पाण्यात खदखदतात आणि वीसेक मिनिटांनी आवाज पुन्हा बारीक होतो. त्या बदललेल्या आवाजाकडे तुम्ही बोट दाखवलेत. कडेने तेल सुटले, फोडी उलथन्याखाली दबू लागल्या पण त्यांचा लगदा झाला नाही, की गॅस बंद. कच्च्या फळातील पेक्टिन, म्हणजे गराला धरून ठेवणारे द्रव्य, अजून घट्ट असते, म्हणून ही फोड पिकल्या टोमॅटोसारखी विरघळत नाही आणि चटणीला अंग येते.

मिश्रण पूर्ण गार होईपर्यंत तुम्ही मला हात लावू दिला नाहीत. मग खलबत्त्यात भाजलेले मूठभर शेंगदाणे, दोन चमचे तीळ, जिरे आणि सहा-सात लसूण पाकळ्या कुटल्या, नंतर मिरच्या व मीठ, आणि टोमॅटो सर्वांत शेवटी, तेही आठ-दहा ठोक्यांपुरतेच. चिंच घालू का, असे मी विचारले तेव्हा तुम्ही हसलात. आंबटपणा फळातच आहे, त्याला फक्त सुपारीएवढा गूळ हवा. वरून मोहरी, उडदाची डाळ, हिंग आणि कढीपत्त्याची फोडणी. आमच्या मराठी घरांत पचडी म्हणजे कच्च्या भाज्या बारीक चिरून केलेली कोशिंबीर, आणि तुमची पच्चडी म्हणजे कुटलेली चटणी. इतकी वर्षे शेजारी राहून हा फरक मला त्या दुपारी कळला. कडक भाकरीच्या तुकड्यावर ती चटणी घेतली तेव्हा शेंगांच्या चटणीशिवाय दुसरे काही न मागणारे आमच्या घरचे लोक काही क्षण बोललेच नाहीत.

अक्का, मला खरे आभार मानायचे आहेत ते त्या तीन तासांचे. तुमची मजुरी हजार विड्यांमागे मिळते. त्या दुपारी तुम्ही उठलात तेव्हा सुपात कापलेली पाने ओल्या फडक्याखाली तशीच राहिली, आणि रात्री साडेदहाला मी गॅलरीत आले तेव्हा तुमच्या खिडकीत दिवा होता व तुम्ही राहिलेल्या विड्या पुऱ्या करत होता. मी पैशांचा विषय काढला याचे मला आजही वाईट वाटते. तुमचा चेहरा उतरलेला मी पाहिला होता. तुम्ही शेजारधर्म म्हणून दिलेला वेळ मी हिशेबात धरायला नको होता. त्याबद्दल क्षमा असावी.

यंदा झाडांना बांबूचा पक्का मांडव केला आहे. तरीही काही फळे मी मुद्दाम हिरवीच उतरवली. त्यांतल्या अर्ध्या किलोची चटणी आज सकाळी तुमच्या पद्धतीने केली असून कोरडी बरणी संध्याकाळी मुलाबरोबर पाठवत आहे. फ्रिजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपवावी. मला टोमॅटो किंचित जास्त कुटले गेल्यासारखे वाटतात. चाखून, नेमके काय चुकले ते नातीकडून कळवावे. उरलेली फळे मी निरोप आल्याशिवाय कढईत टाकणार नाही.

आपली,
वरच्या मजल्यावरची