पहिला खर्च कागदावर करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी शुभेच्छापत्रे आणि स्क्रॅपबुक करण्याच्या छंदावर लेख आला. लेख चांगला, पण नवशिक्याने थेट कॉम्प्युटरला जोडायचे कटिंग मशीन घ्यावे, हा सल्ला काही पटला नाही. आमचा नारायण पेठेत डाय पंचिंगचा, म्हणजे धारदार साच्याने (डायने) कागद हव्या त्या आकारात कापण्याचा धंदा होता. ट्रेडल या जुन्या छापयंत्रावर लग्नपत्रिका, लिफाफे आणि मिठाईचे खोके पंच करण्यात हयात गेली. हल्ली सूनबाईंच्या मशीनवर लुडबुड करतो.

शिकायला हँडलचे रोलर मशीन बरे. सिझिक्स कंपनीचे बिग शॉट घ्या, नाहीतर तशाच बनावटीचे दुसरे. खाली प्लॅस्टिकची पाटी, तिच्यावर डाय धारेची बाजू वर करून, मग कागद, वर दुसरी पाटी. हँडल फिरवले की सगळा थर दाबला जाऊन पलीकडे निघतो. क्रिकटसारखे कॉम्प्युटरला जोडायचे मशीन मनात येईल तो आकार कापते, हे खरे. पण तिथे पाते, चिकट मॅट आणि सॉफ्टवेअर एकदम अंगावर येते. कागद फाटला तर नेमके बिघडले कुठे, हे नवख्याला उमगत नाही. हँडलवर दाब मनगटालाच कळतो.

नाजूक डायमध्ये फूल सुटते आणि देठ अडकून बसतो. लगेच मशीनला नावे ठेवू नयेत. ट्रेडलवर जिथे दाब कमी पडे, तिथे आम्ही मागून टिश्यूचा तुकडा चिकटवायचो. त्याला मेकरेडी म्हणतात. घरी पाट्यांच्या थरात एक साधा कागद वाढवला तरी तेच काम होते. डाय किंचित तिरकी ठेवावी, म्हणजे लांब धार एकदम रोलरखाली जात नाही. डाय आणि कार्ड यांच्यामध्ये बटर पेपर घातला की बारीक तुकडे सहज सुटतात. पाट्या दर वेळी उलटाव्यात, नाहीतर त्या कमान धरतात. हँडल अडले तर जोर लावू नका, थर तपासा.

आता कागद. झेरॉक्सचा ७०-८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला इतक्या ग्रॅम वजनाचा) कागद लुळा पडतो. २०० ते २५० जीएसएमचे कार्ड घ्यावे. फोटो चिकटवायचे असतील तर अॅसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेले. शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे. तिथला कागद हातात घेऊन बघाच. मात्र हातकागदाचे धागे लांब, त्यामुळे बारीक जाळी फिसकटते. कोयरी, पान, गोल असे ठसठशीत आकार त्यावर झकास उठतात. लग्नपत्रिकावाल्यांकडे कटिंगच्या पट्ट्या उरलेल्या असतात. मागायला लाजू नये.

आणि मुंजीच्या पाचशे पत्रिका करायच्या असतील तर घरी हँडल फिरवत बसू नका. पेठेतल्या पंचिंगवाल्याकडे जा. प्लायवूडमध्ये खाच पाडून, त्यात पोलादी पट्टी वाकवून बसवलेली डाय तो तुमच्या आकाराची करून घेईल, आणि पट्टीच्या कडेने लावलेले रबर कागद आपोआप उचलून देईल. आपण पुढच्या पुरवणीसाठी अशा एखाद्या दुकानात बातमीदार पाठवावा, ही विनंती. फक्त लग्नसराई सोडून पाठवा. त्या दिवसांत तिथे कोणी मान वर करून बोलणार नाही.

आपला,
एक निवृत्त पंचिंगवाला, पुणे